कुठंच न निघालेला माणूस

डॉक्टरांनी काही अवघड सांगितलं नव्हतं. आबांनी रोज सकाळी भरभर चालायचं, घाम येईपर्यंत. नाहीतर साखर पायांवर उतरेल, म्हणाले.

आबा, म्हणजे माझे सासरे, हसले. "चालायचं? डॉक्टरसायेब, आमी तिकोणा गडाखालच्या पेठंचं. जल्मभर चालतच आलोय की."

"आता किती चालता?"

लोणावळ्यात आल्यावर आबांनी एका बंगल्यावर वॉचमनकी केली, म्हणजे खुर्चीवर बसून गेटाकडे पाहिलं. आता भांगरवाडीत आमच्या घरी खुर्ची तेवढी बदलली आहे. हसण्यावर नेण्यासारखं मात्र काही नव्हतं. आबांचे थोरले भाऊ हौशीराम गावात ओट्यावर बसून असतात, कारण त्यांचा एक पाय गुडघ्याखालून साखरेनं गेला. त्यांना भेटून आले की आबा स्वतःच्या पायांना तेल चोळत बसतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना नवे बूट दिले आणि दाराबाहेर काढलं. आबा अर्ध्या तासात परत आले ते गावच्या टेम्पोवाल्या पवनच्या मोटरसायकलवरून, हातात वडापावचा पुडा घेऊन.

इथं मला पेठकरांबद्दल थोडं सांगायला हवं. मी तळेगावची, शहाणी माणसं आमच्याकडे. लोणावळ्यात पेठेची माणसं जागोजाग पेरल्यासारखी आहेत. कुणी रिक्षा चालवतं, कुणी टेम्पो, कुणी कणसं भाजतं. या लोकांचा एक नियम आहे. गावचा माणूस रस्त्यानं पायी दिसला तर त्याला गाडीवर उचलून घ्यायचं. गाडी असून त्याला तसाच सोडून पुढं जाणारा माणूस त्यांच्या लेखी माणसातून उठला. आणि बसायला नाही म्हणणारा म्हणजे नक्की रुसलेला.

"कुटं निगालाय?" पवननं विचारलं होतं.

"कुटंच न्हाई," आबा खरं बोलले, आणि तिथंच घात झाला. म्हातारा माणूस सकाळी घाईघाईनं कुठंच निघालेला नाही, हे ऐकून, तो घर सोडून निघाला असं वाटून पवन घाबरला. त्यानं आबांना मागं बसवलं, वडा खाऊ घातला, चहा पाजला, समजूत काढली आणि घरी आणून सोडलं. दुपारी चौकात भाजी विकणाऱ्या पेठेच्याच सरुबाई आल्या. माझ्या स्वयंपाकघरातली भांडी त्यांनी झाकणं उघडून पाहिली.

"पोरी, म्हाताऱ्याला पोटभर घालतीस नव्हं?"

मी काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

आबांनी मग युक्ती काढली. कुणी विचारलं की बँकेत चाललोय म्हणायचं. तर रज्जाकचाचांनी रिक्षात घालून त्यांना थेट बँकेत नेलं. रज्जाकचाचा आणि आबा पेठेच्या शाळेत एका फळीवर बसलेले, दोघांचं सूत जुनं. काम होईपर्यंत मित्र थांबणार म्हटल्यावर आबांना रांगेत उभं राहावंच लागलं. परत येताना चाचांच्या घरी शमीमचाचींनी शिरखुर्मा खाऊ घातला. तपासणीत साखर आणखी चढली होती. औषध म्हणून सांगितलेल्या चालण्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. माझा नवरा कैलास म्हणाला, "लोकं प्रेमानं करतात गं." मी म्हटलं, "प्रेमानं पाय कापायची वेळ आणतील."

शेवटी तोडगा मीच काढला. मी हॉटेलात रिसेप्शनला असते. पाहुण्यांनी विसरलेल्या वस्तू कुणी न्यायला आलं नाही की आम्ही वाटून घेतो. त्यातली फुलाफुलांची अर्धी चड्डी, मोठा काळा चष्मा, तोंडावर मास्क आणि डोक्यावर टोपी अशा थाटात आबा तुंगार्लीच्या रस्त्याला लागले. धोतराशिवाय ज्यांना कुणी बघितलं नाही, त्या आबांना, गावच्या दत्तोबांना, कोण ओळखतंय! पर्यटक कुठंही न निघता चालतात हे लोणावळ्यात सगळ्यांना मान्य आहे. पेठकरांच्या गाड्या भुर्रकन शेजारून जात. रज्जाकचाचा तर हळू होऊन विचारत, "साब, पॉइंट देखना है?" आबा मान हलवून नाही म्हणत. घरी येऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

साखर उतरली. डॉक्टर खूश, मी खूश.

मग एका सकाळी आबांनी गोळी घेतली आणि नाश्ता न करताच निघाले. चढावर त्यांना दरदरून घाम सुटला. आधी त्यांना बरं वाटलं, डॉक्टरांनी घामच सांगितला होता. नंतर हात थरथरायला लागले आणि ते कठड्याला टेकून खालीच बसले. समोरून पवनचा टेम्पो आला. आबांनी हात वर केला. पवननं पर्यटकाला परत हात केला आणि हसत गेला. मागून सरुबाई आल्या. "भैया, रस्ते में मत बैठो, गाडी आती है," म्हणाल्या आणि पाटी सावरत पुढं गेल्या.

थांबले ते रज्जाकचाचाच, तेही धंद्यासाठी. त्यांनी गिऱ्हाईक उचलून रिक्षात घातलं. सायबाला रात्रीची उतरलेली नाही असं समजून त्यांनी रिक्षा भुशी धरणाकडे वळवली आणि वाटेत एकेक दाखवायला लागले. मागं आबांची शुद्ध जात चाललेली आणि पुढं वर्णन चाललेलं. "वो उधर पहाड के पीछे हमारा गाँव है, साब. बहुत बढिया गाँव."

"रज्जाक," आबा कसेबसे म्हणाले, "साखर दे."

ब्रेक लागला. चाचांनी सीटखालचं चिक्कीचं पाकीट फोडलं, तुकडे आबांच्या तोंडात कोंबले, पाणी पाजलं. आबांचा जीव थाऱ्यावर आल्यावर चाचांनी त्यांचा चष्मा काढला, मास्क काढला, आणि मग त्या चड्डीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"आमी वळखू न्हाई म्हून केलंस हे?"

"चालायचं व्हतं रं."

"आमाला चुकवून?"

चाचांनी आबांना दारात सोडलं. चहाला थांबले नाहीत.

गोष्ट पेठकरांत पसरली आणि त्या दिवसापासून आबांना कुणी थांबवलं नाही. धोतर नेसून ते भर चौकातून चालले तरी पवन दुसरीकडे बघे. सरुबाई भाजीवर पाणी मारत बसत. अख्खा रस्ता आबांना मोकळा मिळाला. मला हवं होतं ते अगदी हेच, पण म्हातारा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला लागला तेव्हा मला ते गिळवेना.

"आबा, चाललात का आज?"

"चाललो," ते म्हणत. बुटांना धूळसुद्धा लागलेली नसे. मग त्यांनी बूट काढून ठेवले आणि खुर्ची पुन्हा पकडली. तेलाची बाटली तेवढी बाहेर आली.

एका सकाळी मात्र बूट जागेवर नव्हते. आबा रिक्षास्टँडवर गेले होते. न विचारता ते रज्जाकचाचांच्या रिक्षात बसले. चाचांनी तोंड फिरवलं.

"कुटं जायचंय?"

"कुटंच न्हाई," आबा म्हणाले. "बरोबर बसायला आलोय. पाय गेला तर जाऊ दे."

चाचांनी रिक्षा सुरू केली, ती थेट वळवणच्या पुढं जुन्या हायवेला आणून थांबवली.

"उतर."

"हितं काय हाय?"

"काय न्हाई. घर मागं ऱ्हायलंय. चाल."

मी तेव्हा वळवणच्या पुढं पेट्रोल भरून उलटी कामावर निघाले होते. वळवणजवळ गाड्यांची ही रांग लागलेली. आधीच उशीर झालेला, म्हणून मीही हॉर्न दाबत, मनातल्या मनात शिव्या घालत, स्कूटी कडेकडेनं पुढं काढली. पुढं एक रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती, मागची सीट रिकामी. तिच्या पुढं धोतरातले आबा घामाघूम होऊन भरभर चालत होते. रज्जाकचाचा आतूनच ओरडत होते, "हात हालव! हात हालव की, दत्ता!"

बॅगा घेतलेलं एक जोडपं रिक्षाला आडवं आलं. "भैया, खाली है?"

"नहीं जी," चाचा आबांकडे बोट दाखवून म्हणाले. "सवारी है."