पलंगाखालचा ट्रे

सकाळीच सिस्टरांनी नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीच्या पलंगाखाली एक ट्रे सरकवला. पॅड बदललं की टाकायचं नाही, यात ठेवायचं आणि मला दाखवायचं, असं दोनदा बजावलं. आईने मान डोलावली, पण मनातल्या मनात नाक मुरडलं. असलं काही चारचौघांत मांडून ठेवायचं? जावई उगाच नाही म्हणायचा, सासूबाईंच्या घरी धूळसुद्धा पाय पुसून आत येते.

नात गाढ झोपली होती, लेकही डुलक्या घेत होती. दुपारी भेटायला माणसं येणार होती. आईने तासाभरात चार पॅड बदलली, चारही कागदात गुंडाळून न्हाणीघरातल्या डब्यात टाकली, चादरही पालटली. पाचवं जरासंच डागाळलेलं होतं, तेवढं ट्रेमध्ये ठेवलं. सिस्टर घाईत डोकावल्या, "छान," म्हणाल्या आणि पलीकडे कळा देणाऱ्या बाईकडे धावल्या. आईला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने लेक पुटपुटली, गार वाटतंय गं. आईने पांघरूण ओढलं आणि तिच्या ओठांकडे पाहिलं. रंगच नव्हता. हाक मारली तर डोळे अर्धेच उघडले.

सिस्टर आल्या. पोटावर हात ठेवताच त्यांनी डॉक्टरांना हाक दिली. गर्भाशय सैल पडलं होतं. ते आवळून यावं म्हणून कणीक मळावी तसं त्या पोट चोळू लागल्या. "आजी, किती पॅड झाली? हे एकच?"

"हो," आईच्या तोंडून निघून गेलं. ओरडा बसेल, एवढंच डोक्यात आलं होतं.

रक्त फारसं गेलेलं दिसत नाही, असं सिस्टर डॉक्टरांना सांगू लागल्या, तेव्हा आई पुढे झाली.

"खोटं बोलले. पाच झाली. चार मी टाकली, चादरही बदलली."

आईने स्वतःच डब्यात हात घातला. सिस्टरांनी पॅड, चादर, सगळं वजनकाट्यावर ठेवलं, किती रक्त गेलं तो आकडा डॉक्टरांना सांगितला. इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं, रक्ताची पिशवी आली. संध्याकाळपर्यंत लेकीच्या ओठांवर रंग परतला.

आई बोलणी खायला तयार होती. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मीही तेव्हाच पोटाला हात लावून बघायला हवं होतं." ते तिला जास्तच लागलं. लेकीने मात्र तिचा हात सोडला नाही, आणि आईला तो हात धरवेना.

दुसऱ्या दिवशी जावई आला. बाहेर माणसं भेटायला थांबली होती. पलंगाखाली पाहत तो हसला, "सासूबाई, आज चक्क पसारा?" आणि ट्रे पायाने आत सरकवू लागला.

"राहू दे," आई म्हणाली. "सिस्टरांना बघायचंय. बस जरा. काल मी काय केलं ते तुला सांगायचंय."