पुलाखालच्या खुर्च्या

"डावाच कान घ्या, व्हर्नाबाई. उजवा मला लागतो," ऑर्व्हल म्हणाला.

"कशाला लागतो?"

"मागून कोण येतंय ते ऐकायला."

खोलीतली बाकीची माणसं हसली. त्यांतला प्रत्येक जण भिंतीला पाठ लावून बसला होता.

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात एका चर्चच्या तळघरात बेघर माजी सैनिकांचा निवारा आहे. तिथे मी लोकांच्या कानांत सुया लावते. अ‍ॅक्युपंक्चरच्या, केसासारख्या बारीक सुया, एकेका कानात पाच. मग दिवे मंद करायचे आणि पाऊण तास सगळ्यांनी गप्प बसायचं. माझा भाऊ व्हिएतनामहून परत आला तो बाटलीतच बुडाला. तो गेल्यावर मी हे शिकले. सुयांनी दारू सुटते असं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याला डॉक्टर लागतात, औषधं लागतात आणि नशीबही लागतं. पण अंगाची थरथर थोडी बसते, झोप येते. शिवाय त्या खोलीत 'तुझं काय झालं?' असं कुणी विचारत नाही. बाहेर दिवसभर जो तो तेच विचारून या माणसांचा जीव खात असतो.

ऑर्व्हल टीग मात्र न विचारताच बोलायचा. कुवेतच्या वाळवंटात त्याने सैन्याचे तेलाचे ट्रक चालवले होते. घरी आल्यावर मालाचे ट्रक चालवले, मग दारूपायी परवाना गेला, बायको गेली, आणि तो मॉमी नदीवरच्या पुलाखाली राहायला गेला. हे सगळं त्याने मला पहिल्या दिवशी कोट काढता काढताच सांगितलं होतं, तेही विनोद केल्यासारखं. तो नुकताच इस्पितळातून सुटून आला होता. हात अजून असे कापत होते की कॉफीचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागे.

मी डाव्या कानात सुया लावल्या. तोंडाचा पट्टा थोडा वेळ चालू राहिला, मग आवाज खाली गेला, आणि बघते तर हा गडी घोरतोय. वेळ संपल्यावर मी खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून उभा राहिला आणि एक सुई खाली पडली. काठीला लोहचुंबक बांधून मी ती शोधत होते, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "मी झोपलो होतो? एवढ्या माणसांत?"

"घोरत होतास."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, लाजला. पण पुढच्या वेळी येऊन तो पहिल्या रांगेत बसला आणि त्याने दोन्ही कान पुढे केले.

त्याला निवाऱ्यात पलंग मिळाला. डॉक्टरांच्या गोळ्या तो वेळेवर घेऊ लागला, स्वयंपाकघरात कांदे चिरू लागला. राजमा-खिम्याच्या मोठ्या पातेल्याशेजारी उभा राहून अख्ख्या तळघराला हसवू लागला. सगळं नीट चाललं होतं, आणि एका सोमवारी सकाळी त्याचा पलंग रिकामा दिसला.

"गेला बाटलीकडे," कुणीतरी म्हणालं. मलाही तेच वाटलं. तरी मी पिकअप काढली आणि पुलाकडे गेले.

तो तिथेच होता. शुद्धीत होता. काँक्रीटच्या खांबाला टेकून बसला होता आणि शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचा म्हातारा घोंगड्यांच्या काटेकोर घड्या घालत होता. इतक्या घाणीत इतक्या सरळ घड्या मी पाहिल्या नव्हत्या.

"हे सार्जंट व्हिटलो," ऑर्व्हल म्हणाला. "तिथे छताखाली झोप लागते मला, बाई, पण हे इथे उघड्यावर आहेत हे आठवलं की लागत नाही."

"मग यांना घेऊन ये."

"मी कुठेही येत नाही," सार्जंट माझ्याकडे न बघता म्हणाले. "दार बंद झालं की माझा श्वास अडकतो. आणि बाई, दारू माझी मी पितो. तुमच्या टाचण्या तुमच्याजवळ राहू द्या."

पिकअपपर्यंत सोडायला आला तेव्हा ऑर्व्हलने मला पहिल्यांदा एक गोष्ट विनोद न करता सांगितली. मागच्या हिवाळ्यात दारू मिळाली नाही म्हणून त्याला पुलाखालीच झटके आले होते. डोकं काँक्रीटवर आपटत होतं. सार्जंटनी पायांतले बूट काढून त्याच्या डोक्याखाली दिले आणि तसेच अनवाणी बर्फातून पेट्रोल पंपापर्यंत धावत गेले, रुग्णवाहिका बोलवायला. हिमदंशाने त्यांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

"मी याबद्दल त्यांना कधी काही बोललो नाही," तो म्हणाला. "काय बोलणार? तुमच्या बोटांबद्दल आभारी आहे, असं?"

मी पिकअपचं दार उघडलं.

"ते तिथे येत नाहीत, तर तुम्ही इथे या ना, बाई."

मी त्याला कारणं सांगितली. थंडी, घाण, वारा, नियम. सगळी खरी होती. आणि गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या घडीच्या खुर्च्या पिकअपमध्ये टाकून मी पुलाखाली गेले.

ऑर्व्हल बसला. त्याचं बघून पुलाखालचे आणखी दोघे बसले. माझी बोटं थंडीने बधिर झाली होती, फुंकर मारून मारून मी सुया लावल्या. पण डोळे कुणी मिटेना. वरून ट्रक गेला की सगळ्यांच्या माना एकदम वळत. उघड्यावर राहणारा माणूस दिवसाढवळ्या डोळे कसे मिटणार?

सार्जंट खांबाजवळून हे सगळं बघत होते. जरा वेळाने त्यांनी हातातली बाटली खांबामागे ठेवली, आमच्या आणि रस्त्याच्या मधे येऊन उभे राहिले, आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "मिटा डोळे. मी आहे."

सगळ्यांनी मिटले.

तेव्हापासून दर गुरुवारी ते उभे राहायचे. शर्ट खोचून, हात मागे बांधून. मी गरम बीन्सचं सूप आणि मक्याचा पाव घेऊन जायचे, पण खुर्च्यांच्या घड्या होईपर्यंत ते त्याला हात लावत नसत. बाटलीलाही नाही.

"एक घोट घ्या, सार्जंट, हुडहुडी भरलीय तुम्हाला," एकाने त्यांना एकदा चिडवलं.

"पहाऱ्यावर पीत नाहीत," ते म्हणाले.

कधीकधी मी मुद्दाम सावकाश आवरायचे.

मार्चमध्ये नदीतला बर्फ फुटला. त्या गुरुवारी सार्जंटचे डोळे मला पिवळे दिसले, आणि शर्ट पोटावर ताणला होता. ते रस्त्याकडे गेले नाहीत. ऑर्व्हलसमोर येऊन थांबले.

"टीग, ऊठ. आज पहाऱ्यावर तू."

ऑर्व्हल उठला. सार्जंट त्याच्या खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या कानांच्या कडा थंडीने जाड झाल्या होत्या. मी पहिली सुई लावली.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

दोन्ही कान होईपर्यंत त्यांची हनुवटी छातीवर आली होती. पाऊण तास झाला, तासही झाला. बाकीच्यांच्या सुया मी काढल्या, त्यांच्यातला एक निघून गेला, दुसरा सूप पीत बसला. सार्जंटना मी उठवलं नाही. वरून ट्रक जात होते आणि ते झोपले होते. ऑर्व्हल रस्त्याकडे तोंड करून उभा होता आणि त्या सबंध वेळात त्याने एक शब्द काढला नाही.

शेवटी ते आपणहून जागे झाले.

"कुणी आलं होतं?"

"कुणी नाही, सार्जंट," ऑर्व्हल म्हणाला.

"बरं." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "आता मला डॉक्टरकडे न्या."

उशीर झाला होता. यकृत राहिलंच नव्हतं. पण माजी सैनिकांच्या इस्पितळात त्यांना तळमजल्यावरची खोली मिळाली, आणि परिचारिकांनी तिचं दार कधी लावलं नाही, खिडकीही उघडी ठेवली. मी जाऊन सुया लावायचे. ऑर्व्हल आता पुन्हा निवाऱ्यात राहत होता; तो तर रोज जायचा, त्यांची दाढी करायचा, तळघरातल्या बातम्या मीठमसाला लावून सांगायचा. एकदा माझ्यासमोरच त्याने वस्तरा खाली ठेवला.

"सार्जंट, त्या दिवशी तुम्ही बर्फातून..."

"तू कधी गप्प बसतोस का रे?"

"बसतो. गुरुवारी."

सार्जंट हसले. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी ऑर्व्हलचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

मे महिन्यात ते गेले.

सैनिकांच्या दफनभूमीत आम्ही मोजकीच माणसं होतो. पुलाखालचे दोघे आले होते. त्यांतला एक प्यायलेला होता, पण शर्ट खोचून आला होता. बिगुल वाजला. पांढऱ्या हातमोज्यांतल्या दोन जवानांनी शवपेटीवरचा झेंडा उचलला आणि त्याची त्रिकोणी घडी केली, एकही कड इकडची तिकडे नाही. मग त्यांतला मोठा जवान घडी छातीशी धरून वळला आणि थांबला. झेंडा जवळच्या नातेवाइकाला देतात. तो आमच्यापैकी एकेकाचा चेहरा बघू लागला.

कुणी हललं नाही. मी ऑर्व्हलच्या कोपराला ढकललं.

"मी त्यांचा कुणी नाही, बाई," तो पुटपुटला.

"पुढे हो."

तो पुढे झाला. तो जवान एका गुडघ्यावर टेकला. समोरचा माणूस उभा असतानाही टेकला, तसं शिकवलेलं असावं. कृतज्ञ राष्ट्राच्या वतीने, असं काहीतरी तो म्हणाला. ऑर्व्हलने दोन्ही हात पुढे केले. ते कापत नव्हते.

परतताना तो पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसला होता, झेंडा मांडीवर, तळवे त्यावर सपाट. एरवी गाडीत बसला की रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकविषयी त्याला काहीतरी बोलायचं असे. आज बाजूने ट्रकमागून ट्रक जात राहिले. ढग आले होते, हवा मेच्या मानाने गार होती, म्हणून मी हीटर लावला होता. नदी ओलांडून आम्ही शहरात शिरलो तेव्हा तो बोलला.

"हीटर जरा कमी करता का, व्हर्नाबाई? उकडतंय मला."

मी कमी केला.