दातांवर बसलेला माणूस

पेंटरकाकांनी आयुष्यात हजारभर बोर्ड रंगवले, पण बोर्डावर बसायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. तसा दोष पद्धतीचा. ओला रंग उभ्या बोर्डावरून ओघळतो, म्हणून त्यांच्या दुकानात ताजा बोर्ड दोन स्टुलांवर आडवा टाकून वाळवतात. परक्या माणसाला तो बोर्डच दिसतो. चाळीस वर्षं त्याच खोलीत वावरलेल्या माणसाला मात्र, चष्मा कपाळावर आणि हातात गरम चहा असला, की ते बाकडं वाटतं.

बोर्ड दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता. बत्तीस पांढरेशुभ्र दात, प्रत्येक दाताला वेगळी चकाकी. काका बसले, बुडाला गार लागलं आणि ते ताडकन उठले. समोरच्या आठ दातांच्या जागी दोन भलेमोठे गोल उमटले होते. काकांनी एप्रन फिरवून मागच्या बाजूला घेतला आणि मागच्या दाराने हात धुवायला गेले. खोटं बोलायचा त्यांचा अजिबात विचार नव्हता. खरं बोलायला फक्त पाच मिनिटं हवी होती.

त्या पाच मिनिटांनीच घात केला.

दुकान चालवायच्या वहिनी, काकांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. त्या आतल्या काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या आणि बोर्ड बघून अशा ओरडल्या, की शेजारच्या शिंपीणबाई गळ्यात टेप घेऊन आणि समोरचा सलूनवाला हातात वस्तरा घेऊन धावत आले. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतच राहिलं.

"मघाशी तो कुरिअरवाला लंबू दिसल्यासारखा वाटला," सलूनवाला म्हणाला.

"वाटला कशाला? आलाच होता," शिंपीणबाई म्हणाल्या. "धडपडला पण."

"हां, धडपडला! फोनवर बोलत होता ना."

"आणि पडता पडता बसला."

काका हात पुसत आत येईपर्यंत लंबू बसून, उठून, पळूनही गेला होता. काका घाबरले. लंबू बिचारा रोज केळं खात खात यायचा आणि साल दारातल्या डब्यात टाकायचा. आज डबा रिकामा होता, म्हणजे तो आलाच नव्हता. हे सांगायला काकांनी तोंड उघडलं. "अहो, केळं–"

"केळं!" सलूनवाल्याने मांडीवर थाप मारली. "बरोबर! केळं खात होता!"

"साल माझ्या पायाशी पडलं," शिंपीणबाई म्हणाल्या आणि आपल्या चपलेकडे रागाने बघू लागल्या.

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं, मग त्या दोघांकडे बघितलं आणि गप्प बसल्या.

शिंपीणबाईंचं अक्षर चांगलं, त्यामुळे कुरिअर कंपनीकडे तक्रार त्यांनीच लिहिली. तिसऱ्या दिवशी लंबू आला तो चेहरा पाडून. हातात केळं नव्हतं.

"काका, उद्या साहेब चौकशीला येतायत. कामावरून काढतील म्हणे. घरी दोन पोरी आहेत हो माझ्या. मी त्या दिवशी या गल्लीत फिरकलोच नाही! म्हणजे..." तो डोकं खाजवू लागला. "दिवसाला शंभर दारं. आलोही असेन."

ज्याने काही केलं नाही तोच विचारात पडला होता, आणि ज्याने केलं तो एप्रन मागे बांधून तीन दिवस फिरत होता. त्या दुपारी काकांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळ्यांना एकाच खोलीत, एकाच बाकड्यावर बसवून त्यांनी वही उघडली. (हे खरं बाकडं होतं. काकांनी बसण्याआधी दोनदा चाचपून बघितलं.)

"साहेब, बोर्डावर मी बसलो," काका उभे राहून म्हणाले.

"काका, पुरे!" शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "स्वभावच असा हो यांचा. दुसऱ्याचं सगळं अंगावर घेतात."

"देवमाणूस," सलूनवाला म्हणाला. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

काका खाली बसले. खऱ्याची डाळ शिजत नव्हती. मग त्यांना केळं आठवलं. त्या दिवशी त्यांनी एकच शब्द टाकला होता, पुढचं सगळं या मंडळींनीच पिकवलं होतं.

"बरं," ते हळूच म्हणाले, "स्टूल आधीच डुगडुगत होतं ना?"

सलूनवाल्याने डोळे बारीक केले.

"हो की," सलूनवाला म्हणाला. "करकरलं होतं."

"करकरलं काय, कललंच!" शिंपीणबाई पुढे सरसावल्या. "बोर्ड पडणारच होता."

"मग लंबूने..." एवढंच म्हणून काका थांबले.

"झेप घेतली!" सलूनवाला उभाच राहिला. "हातातलं केळं टाकून झेप घेतली! त्याने अंगावर झेलला म्हणून बोर्ड वाचला, नाहीतर बत्तीसच्या बत्तीस गेले असते."

लंबू तोंड उघडं टाकून ऐकत होता. हळूहळू त्याचा हात कोपराकडे गेला. "तरीच," तो म्हणाला, "इथे दुखतंय."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली, शाबासकीचं पत्र पाठवतो म्हणाले आणि गेले. लंबूने बाहेर जाऊन दोन केळी खाल्ली.

काकांना हायसं वाटलं, पण वहिनींच्या तोंडाकडे बघवेना. एक सोडवायला गेलो आणि दुसरंच रचून बसलो, असं त्यांना झालं. सगळे गेल्यावर त्यांनी एप्रन सोडला आणि पाठ वळवली. पँटवर आठ दात चकाकत होते.

"वहिनी, मीच बसलो होतो. तुम्ही काय ती शिक्षा द्या."

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे मी बरोबर होते! अहो भावोजी, मी काचेतून बघितलं होतं तुम्हाला बसताना! पण ही दोघं इतकी छातीठोक सांगायला लागली, मला वाटलं माझंच डोकं फिरलं. चार दिवस रात्रीची झोप नाही!" रागवायचं त्या साफ विसरल्या. "थांबा, आत्ता सांगून येते त्यांना."

आणि त्या तरातरा निघाल्या. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. बोलणी खावी लागतील, नवा बोर्ड रंगवावा लागेल, पण खरं ते खरं.

दहा मिनिटांनी वहिनी परत आल्या. चाल मंदावली होती. काकांच्या पँटकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "लंबू पडताना तुम्ही त्याला मागून आधार दिलात, तेव्हाच रंग लागला ना हा? आता आठवलं मला."