दहापर्यंत मोजून दाखवा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का. मूठ लाकडाची, तोंड रबराचं आणि तोंडावर एकच शब्द: ‘पल्याडचे’. मला हातात घेऊन पाहाल, तर तो शब्द तुम्हाला उलटा दिसेल. आम्हा शिक्क्यांचं असंच असतं, स्वतःच्या अंगावर उलटे आणि दुसऱ्याच्या कागदावर सुलटे. या गोष्टीचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता. आता तितकासा नाही.

जिन्याखालच्या एका दुकानात मी जन्मलो. तिथला म्हातारा कारागीर नाकाला रबर लागेल इतका वाकून अक्षरं कोरायचा. माझी ऑर्डर घेऊन नोंदणी कचेरीचा शिपाई आला, तेव्हा म्हाताऱ्यानं विचारलं, “पल्याडचे म्हणजे नेमके कोण रे?”

“पाण्यापलीकडून आलेले.”

“अरे, पाण्यापलीकडे तर अर्धं जग आहे!”

“तुम्ही कोरा हो, काका. एवढा विचार तर आमच्या साहेबांनीही केला नाही.”

शिपाई बोलला त्यात खोटं काही नव्हतं. बोटी येत होत्या, त्यांतून माणसं उतरत होती, आणि कचेरीला त्यांच्यासाठी एका शब्दात मावेल असं नाव हवं होतं. ते मिळालं. मूठ बसवून, घासूनपुसून मला चार नंबरच्या खिडकीत ठेवलं. शेजारी जांभळ्या शाईचा पॅड आणि समोर रांग.

उतरणाऱ्या माणसांना मात्र या नावाचा पत्ता नव्हता. कुणी डोंगरातले होते, कुणी बंदरातले, कुणी बेटांवरचे. डोंगरातल्यांचं बोलणं बंदरातल्यांना कळत नव्हतं. बेटांवरच्यांना तर दोघंही आगाऊ वाटायचे. तिकडे एकमेकांच्या घरी पाणीही न प्यालेली माणसं इकडे बोटीतून उतरली आणि एका माळेचे मणी झाली. मी ठप्पकन बसलो की झालं! एक बेटावरचा माणूस कार्ड उलटसुलट करून म्हणाला होता, “पल्याडचे? आम्ही तिकडे होतो तेव्हा तर तुम्ही पल्याडचे होता.” रांगेत हशा पिकला. खिडकीतले साहेब हसले नाहीत.

तरी माझ्यावाचून कुणाचं चालत नसे. माझा ठसा असलेलं कार्ड दाखवलं की दवाखान्यात औषध मिळे आणि रात्रशाळेत बाकावर जागा मिळे. पुढे तर त्यांच्या पोरांनी फुटबॉलचा संघ काढला आणि शर्टांवर छातीभर ‘पल्याडचे’ असं छापून घेतलं. ज्या नावाला बापांनी नाकं मुरडली, ते पोरांनी मिरवलं. मला कोण आनंद झाला होता! नंतर कळलं की संघात तीन मुलं इथलीच होती. त्यांचं म्हणणं होतं की ती पल्याडच्यांच्याच गल्लीत वाढली, तेव्हा तीही पल्याडचीच.

आता एक खोट सांगतो. माणूस पल्याडचा आहे की नाही हे ओळखायचं कसं? कागदपत्रं बहुतेकांची पाण्यात गेलेली. मग जाड चष्म्याच्या त्या पहिल्या साहेबांनी एक युक्ती काढली. रांगेतल्या प्रत्येकाला ते म्हणत, “तुमच्या भाषेत दहापर्यंत मोजून दाखवा.” पहिल्या बोटीत सगळे बंदरातले होते, म्हणून साहेबांच्या कानाला बंदरातलेच आकडे बसले. पुढे बेटांवरचे, डोंगरातले कुणी तेच आकडे शिकून आले तर पार होत; पण डोंगरातला माणूस त्याच्या बोलीत मोजू लागला की साहेब मान हलवत, “हे नाही. पुढचा.” सगळ्यांत लांबून आलेला माणूस असा परत जायचा. मीही पॅडवर पडल्या पडल्या म्हणायचो, नियम म्हणजे नियम. शाई प्यालेल्याला दुसरं काय सुचणार?

त्या काळात एक दिवस बहीण-भाऊ आले. बहीण मोठी, लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. भाऊ शिंपी. भावानं बंदरातले आकडे घडाघडा म्हटले आणि मी त्याच्या कार्डावर बसलो. बहिणीला एकही आकडा येईना. साहेबांनी तिचं कार्ड कोरंच परत केलं.

“ताई, तू पुन्हा एकदा आठवून बघ ना,” भाऊ कासावीस झाला होता.

“असू दे रे धाकट्या. मला ताप आला तर तुझ्यातली अर्धी गोळी खाईन,” असं म्हणून ती हसत हसत निघून गेली. एका आईची दोन लेकरं, एक पल्याडचं आणि एक अल्याडचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मित्रांनो, हे सांगताना आज मला लाज वाटते.

वर्षं गेली. चष्म्याचे साहेब निवृत्त झाले आणि खिडकीत एक बाई आल्या. कामाला चोख, जिभेला तिखट. माझी मूठ झिजली, ‘प’चा एक कोपरा उडाला, पण मोजणीचा नियम शाबूत राहिला. बाई दिवसातून पन्नास वेळा ते आकडे ऐकत आणि मान डोलावत.

मग एका सकाळी तेच दोघं पुन्हा खिडकीपुढे उभे राहिले. मी आधी ओळखलंच नाही. दोघांचे केस पांढरे झाले होते आणि बहिणीचे डोळे जवळजवळ गेले होते. भाऊ तिचा हात धरून एकेक पायरी सांगत तिला आत घेऊन आला. त्यांची चाळ पाडायला काढली होती. टेकडीजवळ पल्याडच्या वृद्धांसाठी आश्रम झाला होता आणि तिथे दोन खाटा रिकाम्या होत्या. पण ठसा असलेलं कार्ड हवं, तेही नव्यानं करून घेतलेलं.

“एकाला जागा मिळाली आणि एकाला नाही, तर काय करायचं?” बाईंनी विचारलं.

“तर कुणीच जाणार नाही,” भाऊ म्हणाला.

“हा जाईल,” बहीण म्हणाली. “मी बघेन माझं.”

“काय बघशील? तुला समोरचा पेला दिसत नाही!”

“धाकट्या, चारचौघांत ओरडू नकोस.”

बाईंनी पॅड उघडला. “आजी, आधी तुम्ही. दहापर्यंत मोजून दाखवा.”

“मला येत नाही, बाई. तेव्हाही येत नव्हतं. सहाव्या वर्षापासून मी दुसऱ्यांच्या घरी त्यांची मुलं सांभाळत होते. तिथे इथलंच बोलणं. याला मात्र आईनं घरी बटणं मांडून आकडे शिकवले.”

बाईंनी तिचं कार्ड बाजूला ठेवलं. “आजोबा, तुम्ही म्हणा.”

भावानं सुरुवात केली. एक, दोन, तीन झाले. सातपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि पुन्हा सातावर घोडं अडलं. आई गेल्यापासून ते आकडे बोलायला त्याच्याजवळ कुणी उरलंच नव्हतं. बहिणीनं त्याचा हात घट्ट धरला. आता दोघांचीही कार्डं कोरी राहणार होती. मित्रांनो, त्या घटकेला मला पहिल्यांदा वाटलं की शाई वाळून जावी.

तेवढ्यात बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं: आठ, नऊ, दहा. बंदरातल्या भाषेत, अगदी तिथल्या हेलासकट.

मग बहीण म्हणाली, “अगबाई! या खिडकीत अस्सल पल्याडच्या तुम्हीच निघालात की!”

रांग खो खो हसायला लागली. बाईंच्या सात पिढ्या याच गावात गेलेल्या. त्या पार ओशाळल्या. मग त्यांनी बाजूला ठेवलेलं कार्ड पुन्हा पुढे ओढलं आणि चार नंबरच्या खिडकीत कधी कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. “आजी, तुमचा जन्म कुठला?”

“तिकडचाच. बोटीतून उतरले तेव्हा तीन वर्षांची होते.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“विचारलं कुणी? मोजा म्हणाले. मोजता येईना, तर घरी गेले.”

बाईंनी मला उचललं. तिच्या कार्डावर टेकवणार, तोच त्यांचा हात थांबला. “आणि आजोबा, तुमचा?”

“मी इथला,” भाऊ हळूच म्हणाला. “घरचे आले त्यानंतर दोन वर्षांनी झालो.”

म्हणजे बघा! मोजणीनं पाहिलं तर दोघंही बाहेर. जन्मानं पाहिलं तर बहीण आत आणि भाऊ बाहेर. कोणतंही माप लावा, माझ्या एका शब्दात ती दोघं एकदम मावत नव्हती. शेवटी बाईंनी मला खाली ठेवलं.

“नियम राहू दे बाजूला. तुम्ही स्वतः सांगा, तुम्ही कोण?”

भावानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीला काही दिसत नव्हतं, तरी तिनंही मान त्याच्याकडे वळवली.

“मी हिचा भाऊ,” तो म्हणाला.

“आणि मी याची ताई. याहून जास्त मला कुणी कधी म्हटलेलं नाही, बाई.”

बाईंनी दोन्ही कार्डांवर मला दाबलं. इतकं जोरात, की ‘प’चा उडालेला कोपराही कागदावर उमटल्यासारखा वाटला. मग पेन घेऊन प्रत्येक ठशाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘भाऊ-बहीण. एकाच खोलीत ठेवावे.’ कार्डं खिडकीतून सरकवताना म्हणाल्या, “आजोबा, आठ, नऊ, दहा पाठ करा. तिकडे कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका.”

“तुमचं नाव आम्हाला कुठं माहीत आहे?” बहीण म्हणाली. एकमेकांचा हात धरून दोघं पायऱ्या उतरले.

त्याच आठवड्यात बाईंनी वर पत्र लिहिलं. वरची उत्तरं सावकाश येतात, तसं हेही सावकाश आलं. मोजणी बंद झाली. आता फॉर्मवर एक मोकळी ओळ असते, तिथे ज्याचं त्यानं लिहायचं. कुणी एक शब्द लिहितं, कुणी तीन, कुणी ओळ संपल्यावर समासात वर चढतं. मला खणात ठेवलं आहे. वाळलेला पॅड, दोन टाचण्या आणि मी. बाई कधी खण उघडतात, मला पाहतात आणि बंद करतात. तक्रार नाही.

मित्रांनो, मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. माझ्या ठशामुळे किती जणांना औषध मिळालं, त्या पोरांना शर्टावर मिरवायला नाव मिळालं. पण तुमच्या घरात, शाळेत, बोलण्यात माझ्यासारखे पुष्कळ शिक्के पडलेले असतील. त्यांतला एखादा उचलाल, तेव्हा तो दाबण्याआधी समोरच्याला एकदा विचारा, तुम्ही कोण? मला ते कधी विचारता आलं नाही. मी रबराचा आहे. तुम्ही नाही.