रखमाजीला न दिसलेला लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे असं म्हटलं की तुम्ही आधी माझं वय विचाराल आणि मग ॲव्हरेज. दोन्ही राहू द्या. वय काही फार नाही, आणि ॲव्हरेज अजूनही चारचौघींत सांगण्याजोगं आहे. मी म्हातारी झाले ती दुःखानं. अहमदनगरच्या सावेडीत, एका पत्र्याच्या पडवीत मी उभी असते. माझा हेडलाइट लावला तर समोरच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते. आणि ज्याच्यासाठी तो इतका झगझगीत केला, त्या माझ्या मालकाचे, रखमाजीचे, डोळे गेले. हे आधीच सांगून टाकते. पोटात ठेवून गोष्ट रंगवणं मला कधी जमलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही शेकडो बहिणी एका पट्ट्यावर उभ्या राहिलो, नट आवळून घेतले, रंग चढला आणि ट्रकमध्ये बसून गावोगाव पांगलो. मी एकोणनव्वद साली नगरला आले. रखमाजी तेव्हा सुप्याच्या एमआयडीसीत लेथवर नुकताच कायम झाला होता. मला घरी आणलं त्या दिवशी त्याच्या बायकोनं, भागिरथीनं, माझ्यापुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हटलं. त्यांची प्रज्ञा तेव्हा शाळेत होती, ती टाकीवर गाल टेकवून उभी राहिली. आणि गल्लीभर पेढे कोणी वाटले? बाबाजाननं. मालक कोण आणि मिरवतो कोण, असं भागिरथी हसत म्हणाली होती.

बाबाजान म्हणजे रखमाजीचा सोनईचा लंगोटीयार. दोघं एका विहिरीत पोहायला शिकले, एका मास्तरांचा मार खाल्ला आणि पोटामागं नगरला आले. बाबाजाननं सावेडी नाक्याजवळ गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. मला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. ईदेला शीरखुर्मा इकडे यायचा, बुद्धपौर्णिमेची खीर तिकडे जायची, आणि त्या डब्याची ने-आण मीच करायची. सात वर्षं कशी सरली मला कळलं नाही. रोज सकाळी सावेडी, केडगाव, चास, कामरगावचा घाट आणि सुपा. संध्याकाळी उलट. रखमाजी मला लेकीसारखी जपायचा, आणि त्याचा हात माझ्या मुठीवर असा हलका असायचा की खड्डासुद्धा मला सांगून यायचा.

शहाण्णवच्या हिवाळ्यात त्याचा हात बदलला. मूठ घट्ट धरू लागला. दिवस मावळला की वेग उगाच कमी करू लागला. एकदा डाव्या अंगानं चाललेली उसाची बैलगाडी त्याला अगदी शेजारी आल्यावर दिसली. मी कशीबशी सावरले. दारातला पाण्याचा पिंप तर माझ्या फूटरेस्टनं दोनदा लोळवला. भागिरथी म्हणाली, पिंप काय रस्त्यात चालत येतो का? रखमाजी हसला आणि म्हणाला की गाडीचा दिवा मंद झालाय.

मित्रांनो, माझा दिवा मंद झाला नव्हता. पण मला तोंड कुठं होतं?

तो मला बाबाजानकडे घेऊन गेला. बाबाजाननं शटर अर्धं ओढून अंधार केला, दिवा भिंतीवर पाडून पाहिला, मीटर लावून बॅटरी तपासली. सगळं ठाकठीक. तरीही मित्र म्हणतोय म्हणून त्यानं काच पुसली, बल्ब नवा घातला, दिव्याचं तोंड जरा खाली वळवलं. आठ दिवसांत रखमाजी परत आला. उजेड पडत नाही, बाजूचं काहीच दिसत नाही, अशी त्याची तक्रार. बाबाजाननं पुन्हा भिंतीवर उजेड पाडला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "रखमा, या उजेडात मला सुई सापडंल."

रखमाजीचा चेहरा पडला. "म्हंजे म्या खोटं बोलतो व्हय?"

बस्स. एवढंच झालं. पन्नाशीला आलेल्या दोन मित्रांत हे एवढंच बोलणं झालं आणि तिथंच सगळं फसलं. सोनईपासून आजवर एकानं दुसऱ्याच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. बाबाजानला इतकी लाज वाटली की त्यानं आपल्या डोळ्यांना दिसलेलं खोटं ठरवलं आणि मित्राचं म्हणणं खरं मानलं. मग तो माझ्या मागं लागला. मोठी बॅटरी आणली, जाड वायर ओढली, पुण्याहून हॅलोजनचा बल्ब मागवला. टीव्ही-टेपवर असतो ना, मसुराच्या डाळीएवढा लाल एलईडी? नगरमध्ये तो फक्त रेडिओवाल्यांकडे मिळायचा. त्यातले मूठभर आणून त्यानं माझा मागचा दिवा नव्यानं बांधला, एकेकाचे पाय कथलाच्या डागानं जोडून. एक उरला, तो माझ्या मीटरच्या कडेला बसवला. म्हणाला, एवढा मोठा दिवा लावलाय, चार्जिंग बंद पडलं तर घाटात अडकशील. हा लाल दिवा लागला की समज, गाडी हाक मारतीय.

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येणार होतं. मी किती हुरळले म्हणून सांगू!

पण पहिला महिनाभर ते बोलणं खोटंच निघालं. चार्जिंग चांगलं असताना लाल दिवा उगाच लागलेला असायचा. रखमाजीनं हे सांगितलं नाही. महिन्याचं तेल बदलायला मला दुकानात आणलं तेव्हा बाबाजानलाच दिसलं. तो दोन दुपारी माझ्यापाशी मांडी घालून बसला. फ्यूज पाहिला, जोड उकलले, नवी वायर टाकून पाहिली. दिवा आपला लागलेलाच. शेवटी सापडलं की सांगाड्याला जोडायची अर्थिंगची वायर रंगावर आवळली होती, लोखंडाला टेकलीच नव्हती. पॉलिश पेपरनं रंग घासला, वायर पुन्हा आवळली, आणि लाल दिवा विझला. बाबाजान घाम पुसत म्हणाला की महिनाभर हा दिवा तुझ्या नाकासमोर पेटलेला होता, तुला एकदाही दिसला नाही? रखमाजी म्हणाला, न्हाई बा. बाबाजान हसला. तुझं सगळं ध्यान रस्त्यावर, म्हणून कौतुकानं पाठीवर थाप मारली.

अरे देवा, ती थाप! त्याच घडीला कोणी त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर! पण दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, पाणी येत नव्हतं. समोरचं नीट दिसत होतं. हळूहळू गेलं ते कडेचं आणि खालचं. चाळिशीचा चष्मा होताच. माणसाला वाटणार तरी काय? सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. गल्लीतली माणसं संध्याकाळी थांबून माझा उजेड बघायची, वा वा करायची. समोरून येणारे ट्रकवाले डोळ्यांवर हात धरायचे. इतकी तारीफ माझ्या उभ्या जन्मात झाली नव्हती, आणि मला ती नकोशी झाली होती.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. प्रज्ञा आता कॉलेजात होती. ती कामरगावला मावशीकडे गेली होती, तिला घ्यायला रखमाजी सुप्याहून येता येता थांबला. वाटेतच माझी चार्जिंगची वायर निसटली होती आणि लाल दिवा खरोखर लागला होता. मी ओरडत होते, मित्रांनो. माझ्याजवळ होता तेवढा सगळा आवाज त्या एका दाण्यात होता. दिवस मावळला होता. घाट उतरून चास मागं पडल्यावर मागून प्रज्ञा म्हणाली, "अण्णा, लाल दिवा लागलाय."

"कुठं?"

"हा काय, मीटरपाशी."

रखमाजीनं मला कडेला घेतलं. मान इकडून तिकडे फिरवली. मग वाकला, इतका वाकला की हनुवटी हँडलला लागली, आणि मग म्हणाला, "हां. आत्ता दिसला."

प्रज्ञा खाली उतरली. त्याच्या बाजूला उभी राहून तिनं आपला पंजा त्याच्या कानाच्या जरा पुढं धरला आणि म्हणाली, "अण्णा, समोरच बघा. माझा हात दिसतोय का?"

"कंचा हात?"

ती पोर तिथंच रस्त्याच्या कडेला रडू लागली. रखमाजीला वाटलं, अंधाराला भ्याली. तो तिला समजावत राहिला की बाबाजानला सांगून अजून मोठा दिवा बसवू.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांना. आतली नस सुकत गेली होती. गेलेली नजर परत येत नाही, आणि राहिलेली जपायलाही आता उशीर झालाय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वर्षभर आधी आला असता तर नुसत्या थेंबांवर पुष्कळ वाचलं असतं. ऑपरेशन झालं, थेंब झाले. अठ्ठ्याण्णव सरताना उरलेला कवडसाही गेला. लेथवरची नोकरी त्याच्या आधीच सुटली होती.

बाबाजान कितीतरी दिवस आला नाही. आला तेव्हा घरात न जाता पडवीत माझ्यापाशीच बसला. काठी टेकत रखमाजी बाहेर आला आणि चाहुलीवरूनच त्यानं मित्राला ओळखलं. बाबाजान एवढंच म्हणाला, "मला दिसत हुतं रं, दिवा चांगला हाय म्हून. तरी म्या दिवाच बदलीत बसलो."

रखमाजीनं बाबाजानचा खांदा चाचपला आणि मला चालू करायला सांगितलं. बाबाजाननं किक मारली, दिवा लावला. रखमाजी माझ्यासमोर आला, काचेपुढं तळहात धरून उभा राहिला. हॅलोजनची धग त्याच्या हाताला लागत होती. माझा सगळा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि त्याच्या पापण्या मिटत नव्हत्या. असा उजेड डोळ्यांत घेऊन मी आजवर कोणाला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"लई उजेड हाय, बाबाजान," तो म्हणाला. "आता काय तक्रार न्हाई."

बाबाजाननं मला बंद केलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या. तेल बदला, वायरी तपासा, काच पुसा, आम्हाला ते हवंच असतं. पण तुमच्या घरात कोणी म्हणालं की दिवा मंद झालाय, भांडी कुठं ठेवता ते सापडत नाही, पुस्तकातली अक्षरं हल्ली बारीक छापतात, तर लगेच बल्ब आणायला धावू नका. त्याच्या शब्दावर शंका घेतली तर तो रागावेल, रागावू द्या. चार दिवस अबोला धरेल, धरू द्या. हाताला धरून आधी त्याला डॉक्टरकडे न्या. माझ्यावर ज्यांनी जीव लावला त्यांनी एकमेकांवरही तेवढाच जीव लावला होता, आणि मन दुखवायचं नाही म्हणून ते एवढंच विचारायचे राहिले, की बाबा रे, तुला दिसतंय ना?