दतिया गेटची हट्टी खाट

मी बोलतेय, झाशीच्या दतिया गेटजवळच्या एका घरातली नवारीची खाट. माझा एक पाय विटेवर आहे, पण कीव करू नका. तो मी लढून घालवलाय.

मालक रमाकांतरावांना घशाचा कॅन्सर झाला. उपचारासाठी ते प्रेमलाबाईंना घेऊन मुंबईला गेले. राहायला खोली मिळेना. दोघं अठरा दिवस इस्पितळासमोरच्या फुटपाथवर झोपली. आणि मी इथे रिकामी! अजून संताप होतो. बाई एकट्याच परतल्या. मग झाशीच्या दवाखान्यात जाऊन सांगून आल्या, "बाहेरगावचा पेशंट असेल तर माझ्याकडे पाठवा."

गरौठ्याची अनुसूया आली ती श्रावणाच्या मध्यावर. डोक्यातल्या गाठीला पंचवीस वेळा सिकाई, म्हणजे मशीनचा शेक. मध्ये खंड पडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रोज गावाहून बसने येणं तिला झेपणारं नव्हतं. अकरा सिकाया झाल्या आणि गणपती आले.

या घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या खोलीत, माझ्या जागी बसतो. दरवर्षी माझी नवार सोडून मला माळ्यावर टाकतात, मीही निमूट जाते. या वर्षी दोघी दवाखान्यात गेलेल्या पाहून बाईंचे दीर आबासाहेब गणपती घेऊन आले. नवार सोडायचाही धीर नाही! त्यांनी मला अख्खीच ओढली. मी दारात आडवी झाले. पाय कडाडून मोडला, पण हलले नाही. आबासाहेब आत कोंडलेले, गणपती बाहेर अंगणात पाटावर.

एवढ्यात दोघी परतल्या. अनुसूयाने गाठोडं बांधायला घेतलं. "जिज्जी, हम गाँव जा रए. भगवान की जगा है."

"बैठ वहीं!" बाई कडाडल्या. मग दिराकडे वळल्या. "आबासाहेब, गणपती दीड दिवसाचा पाहुणा. हिच्या अजून चौदा सिकाया. ज्याचा मुक्काम मोठा, खोली त्याची."

"लोग क्या कहेंगे, वहिनी?"

"तुमचे भाऊ फुटपाथवर झोपले, तेव्हा लोक काय म्हणाले?"

आबासाहेबांनी मला परत माझ्या जागी सरकवलं. गणपती स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसला. घामाघूम होऊन आरती मात्र आबासाहेबांनीच म्हटली. अनुसूयाच्या पंचवीसही सिकाया झाल्या.

पुढच्या वर्षी ती गरौठ्याहून दूर्वा घेऊन आली, केस पुन्हा वाढलेले. माझ्यावर नवी पेशंट बसली होती. गणपतीची तयारी पाहून ती बिचारी घाबरून उठायला लागली.

अनुसूयाने एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्याने मला थोपटलं. "बैठी रओ, बिन्नू. जा खाट हटत नइयाँ."