पाळण्याची ट्रायल

आमचे हे झाडं छाटतात आणि मी खालून त्यांची दोरी धरते. इतकी वर्षं निभावलं, पण हल्ली ह्यांचे गुडघे कुरकुरतात. चढताना मधेच थांबतात आणि विचारलं की म्हणतात, "फांदी बघतोय." फांदी कसली, डोंबलाची! दम खातात. आणि खाली माझा जीव टांगणीला.

म्हणून मीच माणसाला झाडाच्या उंचीवर नेणारं मशीन विकणाऱ्या लिफ्टवाल्याला ट्रायलसाठी बोलावलं. मशीन अरुंद फाटकातून अलगद आत आलं आणि चार पाय पसरून आंब्याखाली बसलं. त्याच्या लांब हाताच्या टोकाला दोन माणसं दाटीने मावतील एवढा पाळणा होता.

"ह्या वयात मला पाळण्यात घालतेस?" हे म्हणाले. "लोक हसतील. परत पाठव ते धूड."

"निदान बसून तरी बघा."

"मी नाही बसणार."

"मग मी बसते!" मी तडकले आणि खरंच पाळण्यात शिरले. लिफ्टवाल्याने माझ्या कमरेला पट्टा बांधला, पट्ट्याचा हूक पाळण्याला अडकवला आणि पाळणा वर-खाली करायचा दांडा कसा हलवायचा ते दाखवलं. मी वर निघाले तसा ह्यांचा चेहरा पडला.

"अगं, झाडाला बांधून घे!" हे ओरडले.

"काका, ह्यात झाडाला नाही बांधायचं," लिफ्टवाला म्हणाला.

"मला शिकवू नकोस! वर गेलं की पहिली गाठ झाडाला." आणि ह्यांनी स्वतःची दोरी माझ्याकडे भिरकावली. मीही शहाणी! हाच नियम ऐकत म्हातारी झालेली. एक टोक फांदीला बांधलं, दुसरं पट्ट्याला. फांदीला हात लावून झाला, जग बघून झालं, आणि ऐटीत दांडा खाली ओढला.

पाळणा खाली निघाला. मी मात्र फांदीला बांधलेली. दोरी ताणली, पट्टा बरगड्यांत रुतला, पायाची नुसती बोटं टेकली. मी दांडा सोडला तसं मशीन थांबलं.

"काकू, काही नाही, पाळणा परत थोडा वर घ्या!" लिफ्टवाला सांगत होता.

"हलू नकोस! मी आलो!" म्हणत हे झाडाकडे धावले. दोरी माझ्याकडे, हे तसेच सरसर चढले. सरसर म्हणजे पहिल्या बेचक्यापर्यंत. तिथे गुडघा अडला. ना वर, ना खाली. खोडाला मिठी मारून बसले.

मी पाळणा वर घेतला, गाठ सोडली आणि हळूहळू ह्यांच्याजवळ आणला. "बसा," म्हटलं.

ह्यांनी एकदा खाली बघितलं. मग निमूटपणे आत आले आणि आपल्या कमरेला कायम असणाऱ्या पट्ट्याचा हूक पाळण्याला अडकवला. आता चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं, पण ह्यांनी आधी माझाच हूक दोनदा ओढून बघितला.

"गुडघा दुखतोय का?" मी विचारलं.

"गुडघ्याचं सोड. खाली उभं राहिल्यावर तुझाही जीव रोज असाच टांगणीला लागतो?"

"रोज."

ह्यांनी माझ्या पट्ट्याला लटकणारी दोरी सोडून गुंडाळली. मग खाली वाकून खेकसले, "ए, मशीन इथेच राहू दे! घेतलं आम्ही!"

आणि मला दरडावून म्हणाले, "पण पाळण्यात मीच चढणार. खाली उभं राहायचं काम मला नाही जमायचं."